काटा खरा, पण दार कोणाच्या ताब्यात?

गळीत हंगाम सुरू झाला, की नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील रस्त्यांना रात्र उरत नाही. बारामतीहून इंदापूरकडे जाताना काटेवाडी, भवानीनगर, सणसर या टापूत उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि टायरगाड्यांची रांग पहाटेपर्यंत हलत असते. आषाढवारीत तुकोबांच्या पालखीपुढे जेथे मेंढ्यांचे रिंगण होते, त्याच काटेवाडीच्या शिवारातून हिवाळ्यात उसाची ही दुसरी वारी निघते. या वारीचा मुक्काम मात्र कारखान्याच्या भुईकाट्यावर असतो. वर्षभराचे पाणी, खत, मजुरी, कर्ज आणि चिंता यांचे रूपांतर तेथे काही क्षणांत एका आकड्यात होते. तो आकडा एका लहानशा पावतीवर छापला जातो आणि शेतकऱ्याचा पुढील सारा हिशेब त्या पावतीवर उभा राहतो.

उसाच्या दराविषयी महाराष्ट्रात चर्चा थोडी झालेली नाही. पहिली उचल किती, साखर उतारा कोणत्या वर्षाचा धरायचा, तोडणी-वाहतुकीचा खर्च किती कापायचा, या प्रश्नांवर आंदोलने झाली आणि न्यायालयांचे उंबरठे झिजले. वजनातील काटामारीविषयीही ऊसउत्पादकांच्या संघटना वर्षानुवर्षे बोलत आल्या आहेत. परंतु या दुसऱ्या वादात सर्वांची नजर एकाच जागी खिळलेली असते: जमिनीवरच्या त्या लोखंडी तक्त्यावर. तक्ता खरा आहे काय, त्याची तपासणी झाली आहे काय, त्यावर मोहोर आहे काय, हे प्रश्न योग्यच आहेत. तथापि तक्ता आणि पावती यांच्यामध्ये आता एक संगणक उभा आहे आणि त्या संगणकाला एक दार आहे. ते दार उघडे असावे की बंद, त्याचा क्रमांक कोणता, हे यंत्रात कोरलेल्या एका यादीवरून ठरते. या यादीची किल्ली कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न तांत्रिक वाटला तरी वस्तुतः तो सहकाराचा आणि अर्थकारणाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, यंत्रज्ञ नव्हे. आणि म्हणूनच हा विषय यंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होणे त्याला पटत नाही.

आकड्याचा प्रवास

हा आकडा कसा प्रवास करतो ते प्रथम पाहिले पाहिजे. भुईकाट्याच्या तक्त्याखाली भारमापक बसविलेले असतात. वाहन तक्त्यावर आले, की ते दाबाने किंचित आकसतात आणि त्यांतून वाहणाऱ्या विजेच्या दाबात अत्यल्प फरक पडतो. हा फरक तारेने वजनदर्शक यंत्राकडे जातो. ते यंत्र त्याचे किलोग्रॅममध्ये रूपांतर करून लाल किंवा हिरव्या अंकांत दाखविते. येथपर्यंतच्या साखळीवर कायद्याची नजर आहे. वैधमापनशास्त्र कायदा, २००९ अन्वये काट्याची ठरावीक मुदतीने पडताळणी होते आणि त्यावर मोहोर उमटविली जाते.

पुढचा टप्पा मात्र निराळा आहे. वजनदर्शकाच्या पाठीमागून एक तार निघते आणि संगणकाच्या मागील नऊ टाचण्यांच्या खोबणीत जाऊन बसते. हेच सिरियल पोर्ट. एकापाठोपाठ एक असे विजेचे ठोके पाठवून आकडे कळविण्याची ही रीत जुनी आहे. आरएस-२३२ या नावाने तिचे मानक अमेरिकेत १९६० साली ठरले. संगणकातील कार्यक्रम हे ठोके वाचतो, भरलेल्या वाहनाचे वजन नोंदवितो, उस खाली करून वाहन परत आले की रिकाम्या वाहनाचे वजन घेतो, वजाबाकी करतो आणि निव्वळ वजनाची पावती छापतो. ही पावती छापणारा टिकल्याटिकल्यांचा छपाईयंत्रही अनेक ठिकाणी अशाच दुसऱ्या एका दाराला, म्हणजे पॅरलल पोर्टला, जोडलेला असे. अलीकडे त्याची जागा यूएसबीने घेतली आहे.

आता समजा, हे सिरियल पोर्ट काही कारणाने बंद आहे. वजनदर्शकावर आकडा झळकतो आहे. पण संगणकाच्या पडद्यावर वजनाची चौकट रिकामी आहे. बाहेर शंभर वाहने उभी आहेत, ऊस वाळतो आहे, गव्हाण रिकामी पडली तर कारखाना थांबेल अशी भीती आहे. अशा वेळी काट्यावरचा लिपिक काय करील? कार्यक्रमात सोय असेल तर तो वजनदर्शकाकडे पाहून आकडा हाताने टाकील. त्यात त्याचा हेतू वाईट असेल असे मुळीच नाही. बहुधा तो प्रामाणिकच असेल. परंतु ज्या क्षणी आकडा हाताने टाकला गेला, त्या क्षणी मोहोरबंद काट्याची सारी प्रतिष्ठा एका माणसाच्या बोटांवर येऊन ठेपली. शिवाय पावतीवर तो आकडा यंत्राने आणलेल्या आकड्यासारखाच दिसतो. शेतकऱ्याला फरक कळण्यास मार्ग नाही.

सेटअपच्या पानावर काय असते?

हे पोर्ट बंद कसे पडते? तार तुटणे हे एक कारण झाले. परंतु तार धडधाकट असूनही दार बंद असू शकते, कारण ते संगणकाच्या सेटअपमध्येच बंद केलेले असते. संगणक चालू होताच, विंडोज किंवा अन्य कार्यप्रणाली जागी होण्यापूर्वी, मुख्य फलकावरील चिपमध्ये साठविलेली एक छोटी आज्ञावली काम करू लागते. तिला फर्मवेअर म्हणतात. जुन्या यंत्रांत बायोस आणि नव्यांत यूईएफआय ही तिची नावे. त्या क्षणी डिलीट, एफ-२ किंवा एफ-१० अशी कळ दाबली, की एक साधी यादी पडद्यावर उघडते. तारीख-वेळ, संगणक कशावरून सुरू करायचा, परवलीचा शब्द, अशी पाने तिच्यात असतात. आणि त्यांपैकी एका पानावर, बहुधा इंटिग्रेटेड पेरिफेरल्स या नावाखाली, यंत्राच्या सर्व दारांची नोंद असते.

सिरियल पोर्टासमोर सामान्यतः तीन प्रकारचे पर्याय आढळतात: बंद, स्वयंचलित, किंवा विशिष्ट पत्ता. परंपरेने कॉम-१ या पहिल्या दाराचा पत्ता ३एफ८ आणि हाकेचा क्रमांक ४ असतो. कॉम-२ चा पत्ता २एफ८ आणि हाकेचा क्रमांक ३. पत्ता म्हणजे प्रोसेसरने त्या दाराला शोधायचे ठिकाण, आणि हाक म्हणजे दाराशी काही आले असता दाराने प्रोसेसरला मारलेली आरोळी. तिलाच इंटरप्ट म्हणतात. कॉम-३ हे दार रूढीने कॉम-१ चीच हाक वापरते. तेव्हा जुन्या यंत्रांत दोन्ही दारे एकाच वेळी कामास लावली, तर कोणाची हाक कोणी ऐकावी याचा गोंधळ उडे. पॅरलल पोर्टाचा रूढ पत्ता ३७८ आणि हाक ७. शिवाय त्याला साधी, ईपीपी आणि ईसीपी अशा निरनिराळ्या रीती आहेत. रीत चुकली, तर छपाईयंत्र निमूट उभे राहते किंवा अगम्य चिन्हांचे कागदच्या कागद ओकते. आकडे किती वेगाने यायचे, हे मात्र सेटअपमध्ये ठरत नाही. ते पुढे कार्यप्रणालीत आणि काट्याच्या कार्यक्रमात ठरते. दार आहे की नाही, आणि असल्यास कोठे आहे, एवढेच सेटअप ठरविते. पण दारच नसेल, तर वेगाची चौकशी करून काय उपयोग?

या व्यवस्थेचा इतिहासही उद्बोधक आहे. आयबीएमचा वैयक्तिक संगणक १९८१ साली आला, तेव्हा अशा गोष्टी फलकावरील इवल्याशा खटक्यांनी ठरवाव्या लागत. १९८४ च्या एटी यंत्रात बॅटरीवर जिवंत राहणारी स्मृती आली. घड्याळासह ती अवघ्या ६४ घरांची होती. त्यांतील १४ घरे घड्याळासाठी आणि उरलेल्या ५० घरांत यंत्राची सारी वृत्ती साठविलेली. पुढे ही यादी चिपमध्येच समाविष्ट झाली. डिलीट कळ दाबून उघडणारी यादी ज्या अमेरिकन मेगाट्रेन्ड्स कंपनीने घरोघर पोहोचविली, तिचे १९८५ मधील संस्थापक सुब्रमोनियन शंकर हे मूळचे भारतीय. म्हणजे हे ज्ञान आपल्याला परके आहे, असे म्हणण्याची सोय नाही.

त्या स्मृतीला जगविणारी नाण्याएवढी बॅटरी काही वर्षांनी संपते. अनेक यंत्रांत त्यानंतर पडद्यावर तपासणीबेरीज चुकल्याचा संदेश येतो, मूळ कारखानी मूल्ये परत लागू होतात आणि घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. लिपिक एफ-१ दाबून पुढे जातो. कारखानी मूल्यांत सिरियल पोर्ट बंद असेल, तर त्या क्षणापासून काट्याचे दार बंद. आणि तारीख कोणी दुरुस्त केली नाही, तर पावतीवरचा दिवसही खोटा. पन्नास रुपयांच्या आसपासची एक बॅटरी लाखो रुपयांच्या व्यवहाराचा पुरावा असा डळमळीत करू शकते.

नव्या संगणकांनी आणखी एक अडचण आणली आहे. त्यांतील अनेकांना सिरियल पोर्टच नसते. मग यूएसबीच्या खोबणीत एक जोडणी लावून काट्याची तार बसविली जाते. ही जोडणी उद्या साफसफाईच्या वेळी दुसऱ्या खोबणीत गेली, तर संगणक तिला कॉम-३ ऐवजी कॉम-५ असा नवाच क्रमांक देऊ शकतो. काट्याचा कार्यक्रम जुन्या दाराशी वाट पाहत राहतो आणि वजन दुसऱ्याच दाराशी येऊन थांबते. परिणाम तोच: हाताने नोंद.

बंद दाराचे अर्थशास्त्र

यात एवढे काय बिघडले, असे कोणी विचारील. साधा हिशेब करू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरविलेली रास्त आणि किफायतशीर किंमत १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. तोडणी-वाहतूक वजा होण्यापूर्वीचा हा दर आहे. एका खेपेत २० टन ऊस आला आणि नोंदीत केवळ अर्ध्या टक्क्याची तफावत पडली, तर ती १०० किलो, म्हणजे एक क्विंटल होते. शेतकऱ्याचे एका खेपेमागे ३५५ रुपये गेले. एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि त्यासाठी कोणी भांडत नाही. आता दिवसाला ५,००० टन गाळप करणारा एखादा काल्पनिक कारखाना घ्या. तेथे अर्धा टक्का म्हणजे रोज २५ टन, म्हणजे ८८,७५० रुपये. दीडशे दिवसांच्या हंगामात हा आकडा १ कोटी ३३ लाखांच्या पुढे जातो. असे कोठे घडते आहे, असा आरोप येथे करावयाचा नाही. कोणत्याही एका कारखान्याकडे बोटही दाखवायचे नाही. सांगावयाचे ते एवढेच, की तुटपुंज्या तफावती जेव्हा असंख्य व्यवहारांत पसरतात, तेव्हा त्यांची बेरीज मोठी असते आणि प्रत्येकाचा तोटा मात्र तक्रार करण्याइतका मोठा नसतो. अशा ठिकाणी बाजार स्वतः होऊन चूक दुरुस्त करीत नाही. तेथे नियमच लागतो.

दुसरा मुद्दा माहितीच्या विषमतेचा आहे. एका पक्षाला व्यवहाराची खरी स्थिती ठाऊक असते आणि दुसऱ्याला नसते, तेव्हा विश्वासाची किंमत दोघांनाही मोजावी लागते. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हा सिद्धान्त मांडला आणि २००१ साली ते अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. भुईकाट्याला तो तंतोतंत लागू पडतो. जेथे शेतकऱ्याला पडताळून पाहता येत नाही, तेथे प्रामाणिक कारखान्यावरही संशय घेतला जातो. मग शेतकरी आधी बाहेरच्या खासगी काट्यावर वजन करून घेतो, तेथे पैसे आणि वेळ खर्चितो, आणि तरीही दोन पावत्यांतील फरकावर वाद होतोच. हा सारा खर्च अविश्वासाचा आहे. त्यातून साखरेचे एक पोतेही वाढत नाही.

महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात निरक्षर कुणब्याला कागदपत्रांच्या बळावर कसे नाडले जाते, याचे विदारक चित्र आहे. लेखणी ज्याच्या हाती, त्याच्या हाती हिशेब, ही त्या काळची स्थिती. आता शेतकऱ्याचा मुलगा पदवीधर झाला आहे. पण लेखणीची जागा यंत्राने घेतली आणि यंत्राच्या आतले पान वाचणारे पुन्हा मूठभरच राहिले. निरक्षरतेने कूस बदलली, एवढेच.

सहकाराची बाब तर याहून गंभीर आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० साली प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला, तेव्हा त्यामागे एक विचार होता. ऊस पिकविणारा आणि कारखान्याचा मालक एकच असेल, तर मापात कोणी कोणाला फसविण्याचे कारणच उरणार नाही. परंतु मालकी कागदावर राहून चालत नाही. जो सभासद आपल्या काट्याची तारही कोठून कोठे जाते हे विचारू शकत नाही, तो ग्राहकाहून अधिक मालक कसा?

वारणेचा धडा

महाराष्ट्राला या मार्गावरचा अनुभव नाही असे नाही. १९९८ साली वारणा परिसरातील ७० गावांना संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्याची मोठी चर्चा झाली. त्या केंद्रांचा प्रत्यक्ष वापर प्रामुख्याने उसाच्या नोंदी, तोडीची परवानगी आणि वजनाची माहिती यांसाठी होत राहिला. पुढे काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरील लघुसंदेशाने हीच माहिती देण्याचा प्रयोग यशस्वी झाला. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. शेतकऱ्याला खरी ओढ कशाची, तर स्वतःच्या वजनाच्या आकड्याची. आणि आकडा पोहोचविण्याची साधने बदलतात, स्वस्त होतात. पण आकडा ज्या दाराने आत शिरला, त्या दाराची काळजी कोणी घेतली नसेल, तर मोबाइलवर तत्परतेने येणारा संदेशही चुकीचाच आकडा तत्परतेने सांगणार.

दूध, शाळा आणि कचेऱ्या

ही बाब उसापुरती नाही. बारामती-इंदापूर भाग दुधासाठीही प्रसिद्ध आहे. गावोगावच्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दुधाचे वजन आणि त्यातील स्निग्धांश मोजणारी यंत्रे तारेनेच हिशेबयंत्राला किंवा संगणकाला जोडलेली असतात. गाईच्या दुधाचा दर ३.५ स्निग्धांश आणि ८.५ स्निग्धेतर घनपदार्थ या प्रमाणाभोवती फिरतो. दशांशाच्या एका अंकावर पैसे कमीजास्त होतात. ऊस वर्षातून एकदा तोलला जातो, दूध दिवसातून दोनदा. तेथे तार निघाली आणि आकडे हाताने टाकले गेले, तर नुकसान बहुधा घरातल्या बाईमाणसाच्या कष्टांचे होते.

शाळा-महाविद्यालयांची आणि कचेऱ्यांची कथा वेगळी, पण मूळ दुखणे तेच. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत संगणक पुरविणाऱ्याने सेटअपला परवलीचा शब्द घातला आणि देखभालीचा करार संपताच तो निघून गेला. शब्द कोणालाच ठाऊक नव्हता. पुढे यूएसबीचा एक गट बंद असल्याचे लक्षात आले तरी तो उघडता येईना. यंत्रे धड असून अडकली आणि नव्या खरेदीचा प्रस्ताव पुढे आला. पुरवठादाराच्या हातात किल्ली राहिली, की ग्राहक बांधला जातो, हे अर्थशास्त्रातील जुने सत्य आहे. आपल्या संस्थांच्या निविदांत संगणकाची स्मृती किती आणि पडदा केवढा हे काटेकोर लिहिलेले असते. सेटअपचा शब्द संस्थेच्या स्वाधीन करावा, ही एक ओळ मात्र क्वचितच आढळते.

येथे शिक्षणाकडे वळणे भाग आहे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम २००१ पासून चालू आहे आणि लाखो लोकांनी तो पूर्ण केला आहे. शासकीय सेवकांनाही त्याची गरज पडते. त्याचा भर अर्थातच रोजच्या कामावर, पत्रे आणि तक्ते तयार करण्यावर आहे. त्यात दोष नाही. परंतु घर बांधणाऱ्याला भिंतीचा रंग कळावा आणि दाराची कडी कोणत्या बाजूने लागते हे कळू नये, अशातला हा प्रकार आहे. अर्ध्या तासाच्या एका पाठात शिक्षक विद्यार्थ्यांना सेटअपचे पान दाखवू शकतात, त्यातील प्रत्येक दाराचा अर्थ सांगू शकतात, आणि काहीही न साठविता बाहेर पडण्याची रीतही शिकवू शकतात. यासाठी पैसा लागत नाही. भीती जावी लागते.

कुलूप म्हणजे उत्तर नव्हे

दारे उघडी राहण्यातही धोका आहे, हे मान्य केले पाहिजे. इराणमधील नतांझ येथील केंद्राला ग्रासणारा स्टक्सनेट हा विषाणू २०१० साली उघडकीस आला. बाहेरच्या जाळ्याशी न जोडलेल्या यंत्रांत तो यूएसबीच्या साधनांवाटे शिरला, असे तज्ज्ञांचे मत आहे. आपल्याकडे सी-डॅकने तयार केलेले 'यूएसबी प्रतिरोध' हे साधन २०१७ साली सायबर स्वच्छता केंद्राबरोबर लोकांना मोफत उपलब्ध झाले, तेही याच चिंतेतून. अनेक बँका आणि कचेऱ्या यूएसबीची दारे बंद ठेवतात, यात नवल नाही. काट्याच्या संगणकाला तर वजनाचे एक दार, छपाईचे एक दार आणि कळफलकाचे एक, एवढ्यांचीच गरज आहे. बाकीची बंदच असावीत.

पण सर्वत्र सरसकट कुलूप लावणे हा आळशी प्रशासनाचा मार्ग आहे. विद्यार्थ्याला आपला प्रबंध पेनड्राइव्हवर आणता येऊ नये, शिक्षकाला प्रश्नपत्रिका छापता येऊ नये, अशी प्रयोगशाळा सुरक्षित असेल, पण निरुपयोगी असेल. शिवाय कुलपाच्याही मर्यादा आहेत. पुष्कळ जुन्या यंत्रांत पेटी उघडून बॅटरी काढली किंवा फलकावरील एक खटका बदलला, की परवलीचा शब्द पुसला जातो. नव्या यंत्रांत हे सोपे नसले, तरी वजनदर्शक आणि संगणक यांमधील तारेत कोणी भलतेच उपकरण बसविले, तर सेटअपमधील कोणतेही कुलूप त्याला रोखू शकणार नाही. तेव्हा केवळ गुप्तता हा उपाय नव्हे. या रोगावरचे औषध उघडेपणा हेच आहे.

सुदैवाने फर्मवेअरची रचनाच या उघडेपणाला अनुकूल आहे. अनेक यंत्रांत दोन परवलीचे शब्द ठेवता येतात: एक व्यवस्थापकाचा, ज्याने बदल करता येतो, दुसरा वापरणाऱ्याचा, ज्याने यादी पाहता येते, पण तीत फारसे बदलता येत नाही. पाहण्याचा हक्क सर्वांना आणि बदलण्याचा हक्क जबाबदार मोजक्यांना, ही तर लोकशाहीचीच रीत झाली.

काय करता येईल?

यास्तव काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, हंगामाच्या आरंभी गव्हाणीत मोळी टाकण्यापूर्वी काट्याच्या संगणकाचे सेटअप सभासदांच्या प्रतिनिधींसमोर उघडावे, कोणते दार चालू आणि कोणते बंद याची छायाचित्रासह नोंद करावी, आणि ती नोंद काटाघराच्या भिंतीवर मराठीत लावावी. बॅटरीही त्याच दिवशी बदलावी. दुसरी, सेटअपचा व्यवस्थापकीय शब्द मोहोरबंद लिफाफ्यात ठेवावा. तो उघडताना एक अधिकारी आणि एक सभासद-प्रतिनिधी हजर असावा, आणि बदलाचे कारण नोंदवहीत लिहावे. तिसरी, वजन हाताने टाकावे लागलेच, तर पावतीवर 'हाताने नोंद' असे ठळक छापले जाईल, अशी व्यवस्था कार्यक्रमातच हवी. अशा पावत्यांची संख्या दर आठवड्यास जाहीर व्हावी. चौथी, काटाघराबाहेर मोठ्या अंकांचा फलक असावा, आणि तो संगणकाला नव्हे, तर थेट मोहोरबंद वजनदर्शकाला जोडलेला असावा. म्हणजे गाडीवानाला फलकावरचा आणि पावतीवरचा आकडा उभ्याउभ्या ताडून पाहता येईल. पाचवी, वैधमापनाच्या पडताळणीत तक्ता आणि वजनदर्शक यांच्याबरोबर तार, खोबणी आणि संगणकाची पेटी यांवरही मोहोर असावी.

यांपैकी एकाही सूचनेला मोठा खर्च नाही. नवा कायदा आला पाहिजे असेही नाही. पहिल्या चार गोष्टी कोणत्याही संचालक मंडळाला एका ठरावाने करता येतील. ज्यांचा कारभार स्वच्छ आहे, त्यांनी तर हे सर्वांच्या आधी करावे, कारण विश्वास हेच सहकाराचे खरे भांडवल आहे आणि ते ताळेबंदात दिसत नसले, तरी ते आटले की बाकीचे भांडवल फार काळ टिकत नाही.

हे काम कोण अंगावर घेईल? कारखान्यांच्या कचेऱ्यांतले लिपिक, दूधसंस्थांचे सचिव, गावातील शाळेचे शिक्षक आणि बारामतीच्या महाविद्यालयांत शिकणारी शेतकऱ्यांची मुले, यांच्याखेरीज दुसरे कोण? सेटअपचे पान वाचण्यास अभियंत्याची पदवी लागत नाही. विहिरीच्या मोटारीच्या पेटीतील तीन तारा कोणत्या, हे आपल्याकडील शाळकरी पोरही सांगते. संगणकाची चार दारे त्याहून अवघड नाहीत. काटेवाडीच्या नावात योगायोगाने काटा आहे. त्या परिसरातील एखाद्या तरुणाने येत्या हंगामात बापाची पावती हातात घेऊन काटाघरात नम्रपणे एवढेच विचारावे, की हे वजन यंत्राने आणले की हाताने टाकले, आणि कोणत्या दाराने आले? प्रश्न लहान आहे. पण असे प्रश्न विचारणारे सभासद ज्या संस्थेत असतात, त्या संस्थेला आपला काटा खरा असल्याचे पुन्हापुन्हा सांगावे लागत नाही.